दोघांचा निवारा, डिंभ्याच्या काठी

घोडेगावाहून भीमाशंकरचा रस्ता धरला की थोड्याच वेळात डिंभे धरणाची भिंत समोर येते. घोड नदीवरच्या या जलाशयाला हुतात्मा बाबू गेनू सागर असं नाव आहे. १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत परदेशी कापड वाहणाऱ्या ट्रकपुढे आडवे होऊन प्राण दिलेले बाबू गेनू याच आंबेगाव तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचे. साडेबारा टीएमसीच्या आसपास उपयुक्त साठा असलेलं हे पाणी पश्चिमेला डोंगरांच्या खाचाखोचांत शिरत जातं आणि त्याच्या काठाकाठानं फुलवडे, बोरघरसारखी गावं आहेत. या काठावर रात्र काढून मासे धरायचे तर दोन माणसांना निवारा कसला असावा, हा प्रश्न वरवर खरेदीचा वाटतो. दुकानात जावं, ‘दोन व्यक्तींसाठी’ असं लिहिलेली पिशवी उचलावी, पैसे द्यावेत. पण इथे तो प्रश्न दुकानात सुटत नाही. इथली जमीन, इथला पाऊस, इथले साप आणि इथला बिबट्या यांना विचारात घेतल्याशिवाय त्याचं उत्तर निघत नाही.

या काठावर रात्री दोन प्रकारची माणसं असतात. पहिली पोटासाठी येणारी. धरणानं महादेव कोळी समाजाची जमीन घेतली. ज्या आंबेगावामुळे तालुक्याला नाव मिळालं ते जुनं गावही पाण्याखाली गेलं. तालुका आजही त्याच नावानं चालतो. उरलेल्या माणसांपुढे पाणी होतं, पण त्या पाण्यातल्या माशांवर हक्क नव्हता. कुसुम कर्णिक आणि आनंद कपूर यांच्या ‘शाश्वत’ संस्थेनं या लोकांबरोबर वर्षानुवर्षं काम केलं, आणि त्यातून विस्थापित आदिवासींची स्वतःची मच्छीमार सहकारी संस्था उभी राहिली. ‘शाश्वत’ला २०१२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाकडून दिला जाणारा इक्वेटर पुरस्कार मिळाला. आज शहरातून गळ घेऊन येणाऱ्याला समोर जे पाणी दिसतं, ते या लोकांनी झगडून मिळवलेलं आहे, हे आधी ध्यानात ठेवायला हवं.

दुसरी माणसं हौसेनं येणारी. पुण्या-मुंबईहून शनिवारी संध्याकाळी येऊन रविवारी दुपारी परतणारी. दोघांचा धंदा वेगळा, पण एक गोष्ट सारखी आहे: रात्रीची मासेमारी जोडीनंच करायची असते. जाळं टाकताना एकानं वल्ही सांभाळायची आणि दुसऱ्यानं जाळं सोडायचं. गळावर बसलं तरी एकानं जागायचं, दुसऱ्यानं आडवं व्हायचं. कुणी घसरला, कुणाला काही चावलं, तर दुसरा हाताशी हवा. एकट्यानं पाण्याकाठी रात्र काढू नये, हा या भागातला साधा शहाणपणा आहे. म्हणून प्रश्न दोघांच्याच निवाऱ्याचा आहे आणि तोही ऐसपैस निवाऱ्याचा, कारण ही दोन माणसं एकाच वेळी झोपत नाहीत. एक आत येत असतो, दुसरा बाहेर जात असतो, आणि दोघांचेही कपडे ओले असतात.

आपल्याकडे उघड्यावर राहण्याची परंपरा जुनी आहे आणि तिच्यात निवाऱ्याचे प्रकारही भरपूर आहेत. लष्कराची राहुटी, भटक्या जमातींचं पाल, शेतातली खोप, राखणीचा माळा, पावसात डोक्यावरचं इरलं. यातलं पाल आजही सर्वांत जास्त दिसतं. दोन काठ्या, मधे दोरी, वरून ताडपत्री, कडांना धोंडे. ऊसतोड कामगारांच्या वस्तीत, मेंढपाळांच्या वाड्यावर, नदीकाठी हेच. ते स्वस्त आहे, पाच मिनिटांत उभं राहतं, फाटलं तर सुईदोऱ्यानं किंवा चिकटपट्टीनं दुरुस्त होतं, आणि चूल बाहेर तोंडाशी पेटवता येते. पावसाचं पाणी अडवण्यात जाड ताडपत्री कित्येक महागड्या तंबूंना हार जात नाही. ज्याच्याकडे पैसे नाहीत त्यानं तंबू नाही म्हणून खंत करू नये, हे मी आधीच सांगून टाकतो. पण पालाला दोन उणिवा आहेत. त्याची दोन्ही टोकं उघडी असतात आणि त्याला तळ नसतो. जुन्नर-आंबेगावात या दोन उणिवाच जिवावर बेततात.

तळाचं आधी बोलू, कारण माझ्या मते सगळ्या निवडीचं मूळ तिथे आहे. आपल्याकडच्या चार मुख्य विषारी सापांपैकी मण्यार हा रात्री फिरणारा. जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या अंथरुणापर्यंत तो येतो, आणि त्याचा दंश बहुतेक वेळा दुखतही नाही. माणूस झोपेतून जागा होतो तेव्हा पोट दुखत असतं, गिळायला त्रास होत असतो, पापण्या जड झालेल्या असतात. दातांची खूण शोधून सापडत नाही. काही चावलं हेच कळलं नाही तर दवाखान्यात नेण्याची घाई कोण करणार? नारायणगावचे डॉ. सदानंद राऊत यांनी सर्पदंशाच्या उपचारात आयुष्य घातलं आहे, आणि या भागातल्या लोकांना सर्पदंश म्हणजे काय हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. पाण्याकाठी बेडूक, बेडकामागे साप. मासेमारीची जागा आणि सापाची जागा एकच असते.

यावरचा उपाय मात्र साधा आहे. आग्नेय नेपाळच्या तराईत झालेल्या एका अभ्यासात मच्छरदाणीत झोपणाऱ्यांना सर्पदंशाचा धोका बराच कमी असल्याचं दिसून आलं. तो २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. मच्छरदाणी म्हणजे साधी जाळीच, पण कडा अंथरुणाखाली नीट खोचल्या तर साप आत शिरत नाही. तंबूची आतली खोली याच तत्त्वावर चालते. तिचा तळ भिंतींना शिवलेला असावा, तळाचं कापड वितभर वर चढलेलं असावं आणि दाराची जाळी चेननं पूर्ण बंद होणारी असावी. या तीन गोष्टी असल्या की साप आणि विंचू बाहेरच राहतात, मात्र चेन दर वेळी शेवटपर्यंत ओढायला हवी. बाहेर जाताना ‘आत्ताच तर येतोय’ म्हणून दार उघडं टाकणं हीच खरी चूक. बूट आत घ्यावेत किंवा पिशवीत तोंड बांधून ठेवावेत. सकाळी पाय घालण्याआधी झटकावेत.

इथेच इंग्रजी पद्धतीच्या ‘बिव्ही’चा विचार करायला हवा, कारण रात्रीच्या मासेमारीसाठी खास बनवलेला निवारा म्हटलं की जगभर तिचंच नाव निघतं. इंग्लंडमध्ये कार्प माशाच्या मागे दोन-दोन, तीन-तीन दिवस तळ्याकाठी बसण्याची रीत गेल्या शतकात रुजली. रिचर्ड वॉकर यांनी सप्टेंबर १९५२ मध्ये रेडमायर तळ्यावर रात्रीच्या वेळी ४४ पौंडांचा कार्प धरला आणि त्या नादाला खरा जोर आला. मासा लागल्याची वर्दी देणारी विजेवरची घंटी वॉकर यांनीच तयार केली. पुढे मोठ्या छत्रीला कापडी भिंती जोडल्या गेल्या आणि त्यातून बिव्ही जन्मली. तिची रचना त्या कामाला अगदी नेमकी आहे. समोरची बाजू रुंद आणि उघडी, म्हणजे घंटी वाजली की माणूस खाटेवरून उठून थेट गळाकडे धावू शकतो. दोघांच्या बिव्हीत दोन घडीच्या खाटा शेजारी शेजारी मावतात, मधे चहाचं सामान राहतं. कापड जाड, सांगाडा मजबूत, उंची वाकून उभं राहण्याइतकी. ऐसपैसपणात तिला तोड नाही.

पण ती जिथे जन्मली तिथे मण्यार नाही. इंग्लंडमध्ये विषारी साप एकच, आणि त्याच्या दंशानं माणूस दगावणं अत्यंत दुर्मीळ. त्यामुळे बऱ्याच बिव्हींचा तळ वेगळा, नुसता अंथरायचा असतो. भिंत आणि तळ यांच्यामध्ये बोटभर फट राहिली तर तिथे कुणाचं काही बिघडत नाही. डिंभ्याच्या काठावर ती फट चालणार नाही. शिवाय वजन दहा किलोच्या पुढे जातं, आणि मोटार उभी केलेल्या जागेपासून पाण्यापर्यंतची उतरण मुरमाची असते. ज्यांना बिव्ही घ्यायचीच आहे त्यांनी आतली जाळीची खोली शिवलेल्या तळासह मिळते का ते पाहावं. ती मिळत नसेल तर माझं स्पष्ट मत आहे: बिव्ही इथली नव्हे.

मग राहतो घुमटाकार तंबू, गिर्यारोहकांच्या आणि सहलींच्या वापरातला. त्यात मापाकडे बारकाईनं बघावं. एका माणसाच्या अंथरुणाची रुंदी साठ सेंटिमीटर धरून तंबू मोजले जातात. म्हणून ‘दोन माणसांचा’ म्हणून विकला जाणारा तंबू आतून १२० ते १४० सेंटिमीटर रुंद निघतो. त्यात दोन माणसं खांद्याला खांदा लावून झोपू शकतात, आणि बाकी काही मावत नाही. डोंगर चढणाऱ्याला ते पुरतं. मासेमारी करणाऱ्याजवळ मात्र दांड्या, जाळं, आमिषाचा डबा, बॅटरी, जेवणाचा डबा, कोरडे कपडे आणि थंडीतलं जाड पांघरूण असतं. म्हणून दोघांनी तीन माणसांचा तंबू घ्यावा, १८० सेंटिमीटरच्या पुढचा. मोटार काठापर्यंत जात असेल तर चार माणसांचाही चालेल. उंची निदान एवढी असावी की मांडी घालून बसल्यावर डोकं कापडाला टेकणार नाही. एक मीटरच्या वर असली की ते जमतं. रात्री तीन वाजता ओली विजार बदलताना त्या उंचीची किंमत कळते.

रुंदीपेक्षाही महत्त्वाची आहे ती पडवी, म्हणजे आतल्या खोलीच्या दारापुढची झाकलेली जागा. ओलं जाळं, चिखलाचे बूट आणि माशांचा वास हे सगळं या पडवीत राहायला हवं, अंथरुणात नव्हे. जाळ्यातून पाणी निथळत असतं, त्यात शेवाळ अडकलेलं असतं, मरळीचा चिकट बुळबुळीतपणा दोरीला लागलेला असतो. ते आत आलं की रात्रीची झोप संपली. पडवी निदान एक मीटर खोल असावी, आणि तिची बाहेरची बाजू पावसात बंद करता यावी. दोन दारं आणि दोन पडव्या असलेला तंबू मिळाला तर दोन पैसे जास्त द्यावेत. एक दार असलं की पाण्याकडे जाणाऱ्याला दर वेळी झोपलेल्या सोबत्याच्या अंगावरून ओलांडून जावं लागतं, आणि पहाटेपर्यंत दोघंही जागेच राहतात.

बिबट्याचं सांगायला हवं. जुन्नर वनविभागातले जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर हे तालुके उसाचे, आणि ऊस म्हणजे बिबट्याचं घर. माणिकडोहचं बिबट्या निवारा केंद्र याच भागात आहे. शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेडला २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये बिबट्याचे जे जीवघेणे हल्ले झाले त्यांनी सगळा भाग हादरला होता. उभ्या, मोठ्या माणसावर बिबट्या सहसा चालून येत नाही. बसलेलं, वाकलेलं, उघड्यावर झोपलेलं माणूस आणि लहान मूल यांना धोका जास्त. गळ लावून पाण्याकडे तोंड करून उकिडवं बसलेला माणूस नेमका तसाच असतो. उघड्यावर रात्र काढणाऱ्या मेंढपाळांना वनविभागानं तंबू आणि सौर दिवे दिले ते याच कारणानं. कापडाची भिंत बिबट्याला अडवेल असं कुणी समजू नये. पण बंद तंबूत झोपलेलं माणूस त्याच्या नजरेला पडत नाही, आणि एवढ्यानंही बराच फरक पडतो. जागणाऱ्यानं पाठीमागे दिवा ठेवावा, पाठ मोकळ्या झाडीकडे न करता तंबूकडे करून बसावं. मासे साफ करून आतडी तंबूपाशी टाकू नयेत. त्या वासानं कुत्री येतात, आणि कुत्र्यामागे बिबट्या येतो. लहान मुलांना रात्रीच्या मासेमारीला या भागात नेऊच नये.

पाण्याचं गणित दोन बाजूंनी आहे, वरून येणारं आणि आतून सुटणारं. वरच्या पाण्यासाठी कापडावर जो आकडा लिहिलेला असतो तो मिलिमीटरमध्ये असतो. २००० लिहिलं असेल तर दोन मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ ते कापड गळू न देता पेलतं. छताला तेवढं पुरतं. तळाला जास्त लागतं, कारण माणसाच्या गुडघ्याचा आणि कोपराचा दाब ओल्या जमिनीवर पडतो. तिथे ३००० च्या पुढचं बघावं. शिवणींवर आतून पट्टी चिकटवलेली आहे का, हे दुकानातच बोट फिरवून तपासावं. गळती कापडातून कमी आणि शिवणीतून जास्त होते. तळाखाली वेगळी ताडपत्री घालणं चांगलंच, पण तिच्या कडा तंबूच्या बाहेर येता कामा नयेत. बाहेर आल्या की छतावरचं पाणी ताडपत्रीवर जमतं आणि थेट तुमच्या पाठीखाली येतं.

आतल्या पाण्याकडे नवखे लोक लक्ष देत नाहीत. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काठावर दव भरपूर पडतं. दोन माणसांच्या श्वासाची वाफ थंड कापडाला लागते, पाणी होते आणि थेंब थेंब अंगावर पडते. सकाळी पांघरूण भिजलेलं बघून तंबू गळतो अशी तक्रार होते. एकपदरी तंबूत हे टळत नाही. म्हणून दुपदरी घ्यावा, आतली खोली जाळीची आणि वर वेगळं छत. वरच्या झडपा थंडीतही उघड्या ठेवाव्यात. हाच तंबू मार्च-एप्रिलमध्ये नुसत्या जाळीच्या खोलीवर वापरता येतो आणि वारा आरपार खेळतो. रंग, कंपनी, झटक्यात उघडणारा की काठ्यांचा, यावर मी जागा खर्च करत नाही. एवढंच की झटक्यात उघडणाऱ्या तंबूची मोडलेली काडी काठावर दुरुस्त होत नाही, आणि ॲल्युमिनियमच्या काठ्या फायबरच्या काठ्यांपेक्षा जास्त टिकतात.

तंबू उत्तम आणि जागा चुकीची असेल तर सगळं व्यर्थ. डिंभ्याचं पाणी जुलैपासून चढतं आणि पावसाळा सरला की आवर्तनं सुटतील तसं उतरत जातं. चढत्या दिवसांत संध्याकाळी पाण्यापासून चार पावलांवर ठोकलेला तंबू पहाटे पाण्यात असू शकतो. उतरत्या दिवसांत जी ओली जमीन उघडी पडते तिच्यावर गाळपेर होते. ती कुणाच्या तरी पोटाची जमीन आहे, रिकामी दिसली तरी विचारल्याशिवाय तिथे तंबू टाकू नये. गाळात खुंट्या धरतही नाहीत. तिथे खुंटी आडवी पुरून तिला दोरी बांधावी. काठाच्या मुरमात पातळ खुंट्या वाकतात, म्हणून लोखंडी मेखा न्याव्यात, आणि कातळ लागला तर दोऱ्या धोंड्यांना बांधाव्यात. या तिन्ही जमिनींवर स्वतःच्या काठ्यांवर उभा राहणारा घुमट इतरांपेक्षा सोपा पडतो. धरणाच्या खालच्या अंगाला, नदीच्या पात्रात तर कधीच मुक्काम करू नये; पाणी सोडलं की पळायला वेळ मिळत नाही. वळवाच्या दिवसांत एकट्या झाडाखालीही नको, वीज तिथेच पडते.

पावसाळ्यात डोंगराच्या पायथ्याशी मुक्काम नको. माळीण याच तालुक्यात, या जलाशयापासून फार दूर नाही. ३० जुलै २०१४ च्या सकाळी तिथला डोंगर खचला आणि दीडशेच्या वर माणसं गेली. त्या गावातल्या माणसांची पक्की घरं राहिली नाहीत. तिथे कापडाच्या तंबूची काय कथा. जून ते सप्टेंबर या काळात पश्चिम आंबेगावात हौसेच्या मुक्कामाला जाऊ नये असं माझं मत आहे, मग तंबू कितीही भारी असो. हा काळ माशांच्या विणीचाही आहे.

थंडीत शेगडी किंवा निखाऱ्यांची घमेली तंबूत घेण्याचा मोह होतो. बंद कापडात जळणाऱ्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्याला वास नसतो, आणि झोपलेला माणूस उठत नाही. पडवीतही नको. स्वयंपाक बाहेर, शेक बाहेर. आत फक्त घोंगडी आणि बॅटरीचा दिवा.

परवानगीचं थोडक्यात. जलाशयातल्या मासेमारीचा हक्क मच्छीमार संस्थेकडे असतो, तेव्हा गळ टाकण्याआधी संस्थेच्या माणसांना विचारणं कायद्यानंही योग्य आणि रीतीनंही. धरणाच्या भिंतीजवळ मुक्काम करता येत नाही. पश्चिमेकडे भीमाशंकर अभयारण्य लागतं, जे १९८५ पासून संरक्षित आहे. त्याच्या हद्दीत वनविभागाच्या लेखी परवानगीशिवाय तंबू टाकला तर गुन्हा होतो. गावाच्या हद्दीत थांबणार असाल तर गावात सांगून जावं. रात्री काही झालं तर होडी, गाडी आणि माणसं तिथूनच येणार आहेत.

तर निवड अशी. पैसे असतील तर तीन माणसांचा, दुपदरी, शिवलेल्या तळाचा, दोन दारांचा आणि खोल पडवीचा घुमटाकार तंबू. पैसे कमी असतील तर जाड ताडपत्रीचं पाल, त्याच्या आत दोन घडीच्या खाटा किंवा बाजा, आणि प्रत्येकीवर कडा खोचलेली मच्छरदाणी. दुसरी निवड पहिलीपेक्षा थोडीच उणी आहे, आणि नुसत्या अंथरलेल्या तळाच्या महागड्या बिव्हीपेक्षा ती इथे नक्कीच सरस आहे. जोडीदार ठरला, जागा ठरली की निघण्याआधी जवळच्या कुठल्या दवाखान्यात सर्पविषावरची लस आहे याची चौकशी करा आणि तिथला फोन नंबर दोघांच्याही मोबाइलमध्ये जतन करून ठेवा.